सिंगापूर : दुसऱ्याच्या ओंजळीने

मुंबईसमोरच्या न्हावा-शेवा बंदरात एक लोखंडी पेटी जहाजावर चढते. तिच्यात सोलापूरचे टॉवेल असतील, नाहीतर पुण्याकडच्या एखाद्या कारखान्यातले यंत्रांचे सुटे भाग असतील. तिला जायचे असते पूर्वेकडील कुठल्यातरी दूरच्या बंदराला. परंतु ते जहाज काही तिथवर जाणार नसते. वाटेत एका बंदरात पेटी उतरते, हजारो पेट्यांच्या थप्पीत काही दिवस उभी राहते आणि मग दुसऱ्या जहाजावर चढून पुढे निघून जाते. त्या बंदरातल्या कोणी ती उघडूनही पाहिलेली नसते. आतला माल त्या शहराने पिकवलेला नाही, घडवलेला नाही, आणि तिथे तो खपायचाही नाही. तरीदेखील अशा परक्या पेट्या उतरवून घेणे आणि पुन्हा चढवून देणे, यावर एका नगराचा प्रपंच उभा राहिला आहे. ते नगर म्हणजे सिंगापूर.

२०२४ साली या बंदराने, वीस फुटी पेटीच्या मापाने मोजल्यास, ४ कोटी ११ लाख पेट्या हाताळल्या. त्यांपैकी फार मोठा भाग अशा जहाजबदलीचा होता. याहून अधिक पेट्या हाताळणारे बंदर जगात एकच, आणि ते म्हणजे शांघाय. पण शांघायच्या पाठीशी यांगत्से नदीचे विशाल खोरे आहे, त्यातले कारखाने आहेत, कोट्यवधी माणसे आहेत. सिंगापूरच्या पाठीशी काय आहे? बृहन्मुंबईहून थोडीशीच मोठी भूमी. तिच्यात खनिज नाही, म्हणण्यासारखी शेती नाही, आणि सगळ्या रहिवाशांची तहान भागेल एवढे स्वतःचे गोडे पाणीही निसर्गाने तिला दिलेले नाही.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. सिंगापूरने मात्र आपले सारे अर्थकारण दुसऱ्याच्या ओंजळीवरच उभे केले. माल दुसऱ्याचा, जहाज दुसऱ्याचे, भांडवल बहुतांशी दुसऱ्याचे, मजूर दुसऱ्या देशाचा, आणि पाणी तर शब्दशः शेजाऱ्याचे. एका माणसाला जे दुबळेपण ठरावे, ते या नगराच्या उपजीविकेचे साधन कसे झाले आणि त्यासाठी कोणाकोणाला किंमत मोजावी लागली, हे पाहण्यासारखे आहे.

नकाशा पाहिला की उत्तर सोपे वाटते. हिंदी महासागर आणि चिनी समुद्र यांना जोडणारी मलाक्काची चिंचोळी सामुद्रधुनी जिथे संपते, नेमक्या तिथे हे बेट आहे. शिडांच्या काळात तर या जागेचे महत्त्व वाऱ्यांनीच ठरवून दिले होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर हिंदुस्थानातली गलबते येत. ईशान्येच्या वाऱ्यांवर चीनचे जंक येत. आणि वर्षाच्या उत्तरार्धात सुलावेसीकडचे बुगी व्यापारी आपल्या होड्या घेऊन दाखल होत. दोन वाऱ्यांच्या सांध्यावर माल उतरवायचा, विकायचा आणि परतीच्या वाऱ्याची वाट पाहायची, असा तो व्यवहार होता. मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू घेऊन चीनकडे निघालेली जहाजेही याच वाटेने जात.

पण ही जागा कोणी नव्याने निर्माण केलेली नव्हती. मलाक्का, रिआऊ, बटाव्हिया ही बंदरे त्याच समुद्रावर होती आणि त्यांचा व्यापार जुना होता. मग सिंगापूरच का वाढले? १८१९ च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्स या बेटावर उतरला आणि ६ फेब्रुवारीला त्याने सुलतान हुसेन व तेमेंगगोंग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून कंपनीची वखार उघडली. त्याने एकच गोष्ट वेगळी केली. येथे येणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही, मग तो माल कोणाचाही असो. डच आपल्या बंदरांत कर आकारीत, अटी घालीत; येथे तसले काही नव्हते. व्यापाऱ्याला अशी जागा सांगावी लागत नाही, त्याला ती वासाने कळते. १८२४ च्या शिरगणतीत या बेटावर १०,६८३ माणसे मोजली गेली. पाच वर्षांपूर्वी तेथे हजारभरही वस्ती असेल-नसेल. म्हणजे जागा निसर्गाने दिली हे खरे. पण त्या जागेला बाजारपेठ बनवली ती एका धोरणाने. सिंगापूरच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

या धोरणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जकात नसेल तर राज्याचा खर्च चालायचा कसा? तो चालला मुख्यतः अफूच्या मक्त्यावर. अफू शिजवून विकण्याचा हक्क सरकार लिलावाने मक्तेदाराला देई, आणि कित्येक वर्षे वसाहतीच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा त्यातूनच येई. ही अफू पिके हिंदुस्थानात, आणि ती ओढणारा असे तो दक्षिण चीनमधून प्रवासखर्चाचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेला हमाल. दिवसभर पोती वाहून पिळवटलेले अंग रात्री या धुरात सैल व्हायचे. ज्या बंदरात व्यापाऱ्याच्या मालावर कर नव्हता, त्या बंदरात हमालाच्या थकव्यावर कर होता, असेच म्हणावे लागेल.

हिंदुस्थानचा संबंध एवढ्यावरच थांबत नाही. १८६७ पर्यंत सिंगापूरच्या कारभारात शेवटचा शब्द कलकत्त्याचा असे. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवलेले कैदी तेथे आणले जात, आणि रस्ते, पूल, सरकारी इमारती यांचे कितीतरी काम त्यांच्याकडून करवून घेण्यात आले. सेंट अँड्र्यूजचे शुभ्र प्रार्थनामंदिर पाहायला आज प्रवासी जातात; ते याच कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. त्यांच्यानंतर आले ते नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकार आणि तामिळ मजूर.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि वाऱ्याची सत्ता संपली. वाफेच्या जहाजांना वारा नको होता, कोळसा हवा होता, आणि मोठा धक्का हवा होता. सिंगापुरात तांजोंग पागार येथे १८६४ सालीच गोदी कंपनी निघाली होती. ती आता कामी आली. त्याच सुमारास मलायातल्या कथिलाला युरोप-अमेरिकेतल्या डब्यांच्या कारखान्यांतून मागणी आली. पुढे रबर आले. ब्राझीलमधल्या रबराची रोपे लंडनच्या क्यू उद्यानातून १८७७ मध्ये सिंगापूरला पोचली होती. तेथील वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता चीक काढण्याची रीत शोधली आणि ते मळेवाल्यांच्या कानी-कपाळी ओरडत राहिले. मोटारगाडी आली तेव्हा जग रबरासाठी धावले, आणि मलायाचे रबर सिंगापूरच्या वखारींतून जगाला जाऊ लागले. माल मलायाचा, गिऱ्हाईक अमेरिकेचे. प्रतवारी, साठवण, विमा, कर्ज आणि वाहतूक सिंगापूरची. शंभरावर वर्षे या नगराचा धंदा हा असा अडत्याचा होता.

अडत्याच्या धंद्यात एक भय कायमचे असते. शेतकरी आणि गिऱ्हाईक यांची परस्पर गाठ पडली की अडत्याची गादी रिकामी होते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ अशी साडेतीन वर्षे जपानी अंमल सोसून सिंगापूर बाहेर पडले, तेव्हा भोवतालचे देश एकेक करून स्वतंत्र होत होते. प्रत्येकाला आपले बंदर हवे होते, आपला माल आपणच विकायचा होता, आणि ते रास्तच होते. १९५९ साली सिंगापूरला अंतर्गत स्वराज्य मिळाले त्या वेळी लोकसंख्या वेगाने वाढत होती, झोपड्या दाटल्या होत्या, आणि तरुणांना काम नव्हते. केवळ अडतीवर एवढ्या माणसांचे पोट भरणार नाही, हे नव्या सरकारला दिसत होते.

अर्थमंत्री होते गोह केंग स्वी. संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेल्या मंडळाचे प्रमुख होते आल्बर्ट विन्सेमियस नावाचे एक डच अर्थतज्ज्ञ. कारखाने काढा, हा त्यांचा सल्ला होता. त्याच्या जोडीला त्यांनी आणखी एक सूचना केली, ती वरवर चमत्कारिक वाटेल. रॅफल्सचा पुतळा हलवू नका, असे त्यांनी सांगितले. साम्राज्याविषयी प्रेम म्हणून नव्हे; परदेशी भांडवलदार त्या पुतळ्याकडे पाहतो, आणि तो जागेवर असेल तर येथे आपले पैसेही जागेवर राहतील असे मानतो, हे त्यामागचे व्यवहारज्ञान होते. पुतळा राहिला. १९६१ मध्ये आर्थिक विकास मंडळ स्थापन झाले आणि पश्चिमेकडच्या जुरोंगच्या दलदलीत भर घालून औद्योगिक वसाहतीचे काम सुरू झाले. प्रारंभी रस्ते तयार, वीज तयार, आणि कारखाने मात्र थोडेच, अशी स्थिती होती. लोक त्या वसाहतीला गोह यांचे वेड म्हणू लागले.

कारखान्यांना गिऱ्हाईक हवे, आणि ते मलायाच्या रूपाने मिळेल या आशेने १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियाच्या संघराज्यात सामील झाले. त्याच वर्षी इंडोनेशियाने या संघराज्याशी वैर पुकारले आणि सिंगापूरशी चालणारा मोठा व्यापार तोडला. इकडे संघराज्यातही जमले नाही. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून बाहेर पडले. त्या दिवशी वार्ताहरांशी बोलताना पंतप्रधान ली क्वान यू यांना अश्रू आवरले नाहीत. स्वातंत्र्याच्या दिवशी देशाच्या पंतप्रधानाने दुःखाने रडावे, असे इतिहासात क्वचितच घडले असेल. एकोणीस लाखांच्या आसपास माणसे, बाजारपेठ तुटलेली, पाण्याचा नळ जोहोरहून येणारा. १९६८ च्या जानेवारीत आणखी एक घाव बसला. ब्रिटनने आपले लष्करी तळ १९७१ अखेर उठवण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय उत्पन्नाचा पंचमांशाच्या आसपास भाग त्या तळांवर अवलंबून होता.

येथपासून पुढची पाच-सात वर्षे सिंगापूरच्या अर्थकारणाचा कणा घडवणारी ठरली. शेजारी बाजारपेठ देत नसतील तर शेजाऱ्यांना ओलांडून दूरच्या जगाला विकावे, असा विचार झाला. त्या काळी नवस्वतंत्र देश परदेशी कंपन्यांना दारात उभे करायला कचरत होते, आणि त्यांच्याजवळ तसे करण्याला अनुभवाची कारणे होती. सिंगापूरने मात्र त्यांना बोलावून आणले. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी तेथे सूक्ष्म विद्युत् भाग जोडण्याचे कारखाने काढले आणि हजारो तरुण मुली सूक्ष्मदर्शकाखाली तारा जोडू लागल्या. सेम्बावांगची आरमारी गोदी १९६८ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि तिथे व्यापारी जहाजांची दुरुस्ती सुरू झाली. बुकोम बेटावर १९६१ पासून तेल शुद्ध होत होतेच. त्याची व्याप्ती वाढली. ज्या देशात तेलाचा थेंब सापडत नाही, तो देश आशियातील तेलशुद्धीकरणाचे एक प्रमुख केंद्र बनला.

या सर्वांची किंमत कामगाराने दिली. १९६८ च्या रोजगार कायद्याने कामाचे तास, रजा, बोनस यांना मर्यादा घातल्या, आणि माणसे नेमण्या-काढण्याचे अधिकार मालकांच्या हाती अधिक प्रमाणात गेले. बंदरात आणि बसगाड्यांत संप हा पूर्वी नेहमीचा होता. तो जवळजवळ दिसेनासा झाला. मोबदल्यात राज्याने काय दिले? घर दिले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने झोपड्यांच्या जागी उंच चाळवजा इमारती उठवल्या. १९५५ पासून चालत आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतली आपली शिल्लक १९६८ पासून या घरांसाठी वापरण्याची मुभा मिळाली. आज तेथील रहिवाशांपैकी सुमारे चार-पंचमांश अशा सरकारी इमारतींत राहतात. हा सौदा न्याय्य होता का, याविषयी तेथील विचारी माणसांत अजून मतभेद आहेत. बोलण्याचे आणि संघटनेचे स्वातंत्र्य आखडते घेऊन मिळालेली ही सुबत्ता आहे, असे एक पक्ष म्हणतो. उपाशी माणसाला आधी काम हवे, असे दुसरा म्हणतो. सौदा झाला, एवढे निश्चित. आणि त्याच्या अटी एकाच बाजूने ठरवल्या, हेही निश्चित.

याच काळात बंदराविषयी एक निर्णय झाला. अमेरिकेत आणि युरोपात माल लोखंडी पेट्यांत भरून नेण्याची रीत नुकती रुळू लागली होती. त्यासाठी खोल धक्के लागत, अवजड क्रेन लागत, आणि पेट्यांचे जहाज खरोखर या बाजूला येईल की नाही याचा भरवसा देता येत नव्हता. सिंगापूरने आधी धक्के बांधले. २३ जून १९७२ रोजी 'निहोन' हे जहाज रॉटरडॅमहून तीनशे पेट्या घेऊन तांजोंग पागारला लागले. आग्नेय आशियातले पेट्यांचे ते पहिले बंदर ठरले. १९९० पर्यंत वर्षाला पन्नास लाखांचा टप्पा ओलांडला गेला.

पेटी आली आणि पाठीवरचे पोते गेले. सिंगापूर नदीच्या काठी जुनी वखारींची रांग आहे. शतकाहून अधिक काळ तेथे पडाव लागत. खोल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजांतून माल पडावात, पडावातून फळीवरून हमालाच्या पाठीवर, आणि तेथून वखारीत, असा तो क्रम होता. १९७७ मध्ये ती नदी स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले गेले आणि १९८३ मध्ये उरलेल्या शेकडो पडावांना तेथून पासिर पांजांगला हलवण्यात आले. ज्यांचा बापजाद्यांपासून तोच धंदा होता त्यांना नदी सोडावी लागली. दहा वर्षांत नदी निर्मळ झाली. पुढे २००८ साली तिच्या मुखाशी बांध घालून समुद्राचे पाणी अडवण्यात आले, आणि जिथे पडाव फिरत तेथे आज पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे.

पाण्याची ही धडपड समजून घेतली पाहिजे. १९६२ च्या करारान्वये जोहोर नदीतून दररोज २५ कोटी गॅलन पाणी घेण्याचा हक्क सिंगापूरला २०६१ पर्यंत आहे. दराविषयी उभय देशांत वारंवार वाद झाले. त्यातून सिंगापूरने पावसाचे पाणी साठवले, २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले आणि २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करण्यास आरंभ केला. मुदत संपण्याच्या आत ही ओंजळ आपली आपल्याला पुरावी, हा हेतू त्यामागे आहे. भूमीचेही तेच. साठच्या दशकात सुमारे ५८० चौरस किलोमीटर असलेला हा देश समुद्रात भर घालून आता ७३० चौरस किलोमीटरांच्या पुढे गेला आहे. पण ती वाळूही पुष्कळशी शेजाऱ्यांची, आणि २००७ मध्ये इंडोनेशियाने तिची निर्यात थांबवली.

बंदराच्या उत्पन्नाकडे पाहताना केवळ पेट्या मोजून चालत नाही. जहाज लागले की त्याला इंधन हवे. २०२४ मध्ये सिंगापूरने जहाजांना सुमारे ५ कोटी ४९ लाख टन इंधन विकले, आणि या बाबतीत त्याची बरोबरी करणारे दुसरे बंदर नाही. जहाजाला विमा हवा, दुरुस्ती हवी, कर्ज हवे, तंटा झाला तर लवाद हवा. हे सारे जहाजाभोवती गोळा झाले. पेढ्यांचा व्यवसाय तर नकाशाइतकाच घड्याळावर उभा आहे. टोकियोचा बाजार मिटतो आणि लंडनचा उघडायचा असतो, त्या मधल्या वेळेत सिंगापूर जागे असते; १९६८ मध्ये तेथे आशियाई डॉलरचा बाजार सुरू झाला तो हे ओळखूनच. आज देशाच्या एकूण उत्पन्नाच्या तिपटीच्या घरात त्याचा परदेश-व्यापार आहे. घरात जेवढे मिळते त्याच्या तिप्पट माल आणि सेवा घराच्या दारातून ये-जा करतात, असे ते विलक्षण घर आहे.

अशा घराला दाराबाहेरच्या प्रत्येक आवाजाने जाग येते. २००० साली मेर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीने आपला जहाजबदलीचा कारभार सिंगापुरातून उचलून समोरच्याच जोहोरमधल्या तांजुंग पेलेपास या नव्या बंदरात नेला. दोन वर्षांनी एव्हरग्रीनही गेली. नकाशात दोन्ही बंदरे जवळजवळ एकाच ठिकाणी आहेत. म्हणजे केवळ जागा आता कोणाला बांधून ठेवीत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. सिंगापूरच्या बंदर कंपनीने दर उतरवले, खर्च कापला, माणसे कमी केली, आणि जहाज कंपन्यांना धक्क्यांत भागीदारी देऊ केली. परदेशांतली बंदरे चालवायला तिने त्याआधीच सुरुवात केली होती. न्हावा-शेवाचे चौथे टर्मिनल २०१८ पासून तीच चालवते. ज्या पेटीपासून हे विवेचन सुरू झाले, ती पेटी महाराष्ट्राचा किनारा सोडण्याआधीच सिंगापूरच्या हातून गेलेली असण्याचा संभव आहे.

परंतु या साऱ्या कर्तबगारीचा पाया असलेली माणसे शहराच्या चित्रात सहसा दिसत नाहीत. देशातील साठ लाखांपैकी अठरा लाखांहून अधिक माणसे परदेशी आहेत, आणि त्यांतली लक्षावधी इमारती बांधणारी, जहाजे दुरुस्त करणारी, घरकाम करणारी आहेत. तामिळनाडूतून आणि बांगलादेशातून आलेल्या मजुरांतले कितीतरी दलालाचे कर्ज घेऊन येतात. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा त्यांच्या गर्दीच्या वसतिगृहांतून रोग वणव्यासारखा पसरला. वर्षअखेरच्या सरकारी आकड्यांनुसार वसतिगृहांतल्या सव्वातीन लाखांच्या आसपास मजुरांपैकी जवळजवळ निम्म्यांना लागण होऊन गेली होती. औषधोपचार मिळाले, मृत्यू फारच थोडे झाले. पण त्यांचे दरवाजे मात्र शहराच्या दरवाजांहून कितीतरी अधिक काळ बंद राहिले. एकोणिसाव्या शतकातला कर्ज डोक्यावर घेऊन उतरणारा हमाल या शहराने मागे टाकला, असे पूर्णपणे म्हणता येत नाही.

पुढचा मार्गही निर्वेध नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातली जहाजे हल्ल्यांच्या भीतीने आफ्रिकेला वळसा घालू लागली, वेळापत्रके कोलमडली, आणि २०२४ मध्ये सिंगापूरबाहेर जहाजे दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबली. केपेलचे जुने धक्के पुन्हा वापरात आणावे लागले. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने दहा टक्के आयातकर जाहीर केला तेव्हा २००४ पासून अमलात असलेला मुक्त व्यापाराचा करारही सिंगापूरला त्यातून सोडवू शकला नाही. आणि घरात पाळणे कमी हलतात. २०२३ साली दर स्त्रीमागे सरासरी एकाहूनही कमी मूल, अशी नोंद झाली.

तरीही नगर काम करीत आहे. पश्चिमेच्या टोकाला तुआस येथे समुद्रात भर घालून नवे बंदर उभारले जात आहे. १ सप्टेंबर २०२२ रोजी त्याचे रीतसर उद्‌घाटन झाले. ते २०४० नंतरच्या दशकात पुरे होईल तेव्हा वर्षाला साडेसहा कोटी पेट्या तेथे हाताळता येतील, असा संकल्प आहे. शहराला लागून असलेले जुने धक्के टप्प्याटप्प्याने तिकडे हलायचे आहेत. तुआसला चालकाविना धावणाऱ्या गाड्या पेट्या वाहतात. हमाल तर नाहीच, मुकादमही दिसत नाही.

इतकी बांधाबांध कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर त्या म्हणीतच आहे. दुसऱ्याच्या ओंजळीने पिणाऱ्याला पाणी मिळते ते ओंजळ धरणाऱ्याची मर्जी असेपर्यंत. सिंगापूरला हे १९६५ मध्ये कळले, १९६८ मध्ये कळले आणि २००० मध्ये पुन्हा कळले. त्यावर त्याने काढलेला उपाय असा की आपणही दुसऱ्यांसाठी ओंजळ धरावी. ती इतकी भरवशाची असावी की तहानलेल्याला दुसरीकडे जावेसे वाटू नये. हा भरवसा नकाशावर मिळत नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने कमवावा लागतो, आणि कोणाच्या श्रमांवर तो कमावला याचा हिशेबही कधीतरी द्यावा लागतो. आज रात्रीही त्या धक्क्यावर परक्या गावाची एक पेटी उतरेल आणि पहाटे तिचे जहाज पुढे निघेल. ते पुढच्या खेपेला पुन्हा येथेच थांबेल, असे सिंगापूरला कोणी लिहून दिलेले नाही.